आत्यांचा सोमवार

आधीच सांगते, ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही आणि अक्षर तर ओळीवर बसतच नाही. कधी कुणाच्या हाती लागलंच तर त्याबद्दल माफी असावी. शाळा चौथीपर्यंत झाली. पुढं वडिलांबरोबर मेंढरांच्या मागं जायचं असल्यामुळं राहिली. चारचौघांत मला बोलता येत नाही, तोंड उघडलं की कान तापतात. पण आमच्या घरात जे झालं ते मला नीट माहीत आहे. ते लिहून ठेवते. कुणाला दाखवायचं नाही.

माझं माहेर इंदापूरच्या जिरायती बाजूचं. जेवण म्हणजे बाजरीची भाकरी, मटकीची उसळ नाहीतर हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं, आणि दूध. चहा पाव्हणा आला तरच. सासर काटेवाडीजवळचं. इथंही पूर्वी मेंढरंच होती, पण कालव्याचं पाणी आलं तशी ती विकली आणि दारापर्यंत ऊस आला. लग्न होऊन आले तेव्हा मला नवल वाटलं ते साखरेचं. कारखान्याच्या सभासदाला स्वस्तात मिळते म्हणून ती पोत्यानं यायची. उठल्यापासून चहा, चहात चपाती, चहात खारी, आणि भात दोन्ही वेळा. दूध मात्र पहाटेच कॅनमध्ये भरून डेअरीला. चहापुरतं तेवढं मागं ठेवायचं. दारात दोन गाई आणि घरात प्यायला दूध नाही, यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. चार वर्षांनी मलाही वाटेनासं झालं.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. सत्तरी ओलांडल्यावर त्यांना शुगर निघाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, साखर बंद करायला सांगितली. आत्यांनी चहात गूळ घालायला सुरुवात केली.

"गूळ आपल्या उसाचा हाय," त्या म्हणायच्या, "घरच्या मालानं कुठं शुगर वाढती व्हय?"

त्यात उपवास. सोमवार, गुरुवार, शनिवार, वर चतुर्थी आणि एकादशी. उपवासाला साबुदाण्याची खिचडी, रताळी, बटाट्याचा कीस. मी स्वतः वाटी भरभरून द्यायची. "आठवड्यातलं निम्मं दीस मी जेवतच न्हाय," असं त्या अभिमानानं सांगायच्या, आणि जी बाई जेवत नाही तिची शुगर वाढेलच कशी, असं आम्हाला सगळ्यांना वाटायचं. त्या वाळत चालल्या होत्या. दंडातली वाकी सैल होऊन कोपरापर्यंत घसरायची. जमिनीवरून उठताना आधी गुडघ्यावर हात, मग भिंतीवर हात, मग मला हाक. वय झालं की असंच होतं, असं आम्ही धरून चाललो होतो.

एका सोमवारी गोठ्यात त्या कोसळल्या. सकाळी शुगरची गोळी घेतली होती आणि वर नुसता कोरा चहा. मी शेणाची पाटी टाकून धावले तेव्हा अंगाला दरदरून घाम आणि डोळे पांढरे. माझ्या मालकांनी गाडीवर मध्ये बसवलं, मी मागून धरलं आणि बारामतीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, गोळी घेऊन पोट रिकामं ठेवल्यामुळं शुगर एकदम उतरली. गुरुवारी परत तपासली तर उपवासाच्या खिचडीनंतर तीच शुगर कितीतरी वर चढलेली.

गोळ्या बदलून दिल्या आणि आहार सांगणाऱ्या बाईंकडं पाठवलं. त्यांनी आत्यांना खुर्चीत बसवलं आणि म्हणाल्या, "आजी, हात न टेकता उठून दाखवा."

आत्यांनी तीनदा झोका दिला. उठता आलं नाही. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "तुमची खुर्चीच खोल हाय."

बाई हसल्या नाहीत. आम्हा दोघांकडं वळून म्हणाल्या, "हे असंच चालू राहिलं तर या लवकरच अंथरुणाला लागतील. मग उठवणं अवघड."

मग त्यांनी समजावून सांगितलं ते मला कळलं तसं लिहिते. भाकरी, भात, साबुदाणा, बटाटा, गूळ, सगळ्याची पोटात गेल्यावर साखर होते. ती साखर मुख्यतः अंगातल्या मांसात जिरते, मांड्यांच्या, पाठीच्या. म्हातारपणी मांस आपोआप झडतं, आणि दूध, डाळी, अंडी यांतली प्रथिनं पोटात गेली नाहीत तर जास्तच झडतं. मला आमच्या रानातलं पाणी डोळ्यांपुढं आलं. वाफ्यात मातीच उरली नाही तर पाणी जिरणार कुठं? पाटातच तुंबणार. आत्यांच्या रक्तात साखर तशी तुंबली होती.

"म्हंजे मला बी रोज मटण लागंल म्हणा की," माझे मालक म्हणाले. ते गंभीर वेळेला असंच बोलतात.

"तुम्हाला नाही," बाई म्हणाल्या. "तुमच्या वयात मटणाचा मारा केला तर त्यानं काही आयुष्य वाढत नाही. तुम्ही भात निम्मा करा, चहा कमी करा, उसळी वाढवा. आजींचं वय वेगळं. त्यांच्या प्रत्येक जेवणात प्रथिनं हवीत, थोडी थोडी. त्यांची किडनी चांगली आहे, ते बघूनच सांगतेय. आणि उपवास बंद."

"ह्यानं किती वर्सं वाढत्याल?" आत्यांनी विचारलं.

"वर्षं मला सांगता येणार नाहीत, आजी. आहेत तेवढी स्वतःच्या पायांवर जातील, एवढं बघू."

"मग ऱ्हाऊ द्या," आत्या म्हणाल्या. "बाकीचं वार सोडते. सोमवार न्हाय सुटायचा. त्यो माझ्यासाठी न्हाय, ह्याच्यासाठी हाय."

आणि त्यांनी मालकांकडं बोट केलं. मालक लहान असताना तापानं फणफणले होते, डॉक्टर आशा सोडून घरी घेऊन जा म्हणाले होते. तेव्हा आत्यांनी महादेवाला सोमवार बोलला, जिवंत असेपर्यंत. पोरगा वाचला. त्यांच्या हिशेबात मालकांचं आयुष्य त्या सोमवारावर चाललेलं होतं.  

घरी आल्यावर मालकांनी आईला समजावलं, मग रागावले. आत्या हलल्या नाहीत. दूध पिऊन उपवास करा म्हटलं तर नको, बोलला तो साबुदाण्या-भगरीवरचा बोलला. पुढच्या सोमवारी त्या चुलीपुढं बसल्या आणि उठता येईना. मी काखेत हात घालून उठवलं. त्यांचं वजन हाताला लागलंच नाही. कोकरू उचलल्यासारखं वाटलं. तेव्हा मी ठरवलं.

आमच्याकडं एखादीनं घेतलेला वार तिला झेपेनासा झाला की सुनेच्या पदरात टाकतात. बहुतेक वेळा सासू अगदी शेवटाला आल्यावर. सासू अजून हिंडतीफिरती असताना सुनेनं आपणहोऊन मागितलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

"आत्या," मी म्हटलं, "सोमवार माझ्या पदरात टाका."

त्यांनी माझ्याकडं खालपासून वरपर्यंत बघितलं. "तुला? तू तर उठल्या उठल्या भाकरीला हात घालणारी."

"जमंल मला."

"आन् खुरपताना भोवळ येऊन पडलीस म्हंजे? लोक म्हणत्याल, सासूनं सुनंला उपाशी मारली."

"पदरात घेतल्यावर नेम माझा, मी दूध आन् शेंगदाण्यावर करीन. मला शुगर न्हाय, गोळी न्हाय."

"ह्ये काय खेळ हाय व्हय गं? चुकला तर..."  बाहेर मालक गाईंना पेंड घालत होते तिकडं त्यांची नजर गेली.

"त्यो तुमचा ल्योक तसा माझा नवरा हाय," मी म्हटलं. "तुमच्याइतकाच मला बी पाहिजे."

हे इतक्या मोठ्यानं गेलं की बाहेर पेंडीची बादली वाजली. मालकांनी ऐकलं होतं. त्या दिवशी ते संध्याकाळपर्यंत घरात आलेच नाहीत, रानातच काहीतरी करत बसले. आत्या मात्र पहिल्यांदा माझ्याकडं बघून हसल्या.

"तोंड हाय की तुला," त्या म्हणाल्या.

पुढच्या सोमवारी महादेवाच्या देवळात त्यांनी माझ्या पदरात नारळ आणि बेल टाकला आणि देवाला सांगितलं, आजपासून हा हिचा. घरी येऊन मी मटकीची उसळ आणि अर्धी भाकरी त्यांच्यापुढं ठेवली. कितीतरी वेळ त्या ताटाकडं बघत बसल्या. मग खाल्ली. पुढचे आठ-दहा दिवस मालकांना शिंक आली तरी त्या माझ्याकडं बघायच्या, जणू मी चोरून भाकरी खाल्ली. एकदा मालकांनी मुद्दाम खोकून दाखवलं. त्यांना त्यांच्या आईनं लाटणं फेकून मारलं.

राहिलं दूध. गाई डेअरीकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन आणलेल्या, दूध कमी घातलं की हप्त्याला ओढाताण, असं मालकांचं म्हणणं. ते खोटं नव्हतं. मग मी म्हटलं, शेळी घेते. पैसे बचत गटातून काढते. मालक म्हणाले, "मागायला बोलावं लागंल तितं." ते चिडवत नव्हते, त्यांना माझी काळजी वाटत होती.

गटाच्या बैठकीला मी कायम भिंतीला टेकून, पदर पुढं ओढून बसलेली. त्या दिवशी अध्यक्षबाईंनी विचारलं, कुणाला कर्ज पाहिजे? मी हात वर केला. कशाला, म्हणाल्या. माझे कान तापले, पण बोलले. म्हटलं, सासूच्या मांड्यांत मांस राहिलं नाही, दुधाला शेळी घ्यायची आहे. आधी सगळ्या हसल्या. मग एकीनं विचारलं, तिच्याही सासूला उठता येत नाही, काय करायचं? मी खुर्चीचं सांगितलं, साबुदाण्याचं सांगितलं, किडनी आधी तपासायचं सांगितलं. बोलता बोलता माझा पदर खांद्यावर आला होता, ते मला घरी गेल्यावर कळलं.

शेळी आली. आत्यांना सकाळी शेळीचं दूध आणि एक अंडं, दुपारी उसळ आणि लहान भाकरी, संध्याकाळी दही किंवा हुलग्याचं माडगं. माडगं पहिल्यांदा केलं तेव्हा त्यांनी वाटी नाकाशी धरली आणि म्हणाल्या, "ह्ये आमच्या आईचं हाय." कालवा येण्याआधी त्याही हेच खात होत्या. साखर आम्ही लागेल तेवढीच आणू लागलो. आणि रोज दोन्ही वेळा खाटेवरून हात न टेकता उठायचं. सुरुवातीला खांबाला धरून, शिव्या देत. "शेळीचं दूध पाजून मला शेळीगत उड्या मारायला लावती," असं शेजारणीला सांगायच्या. शेळीला मात्र पाला त्याच घालू लागल्या. मग तिला बांधावर न्यायलाही त्याच.

शुगर आटोक्यात आली, एक गोळी कमी झाली. उन्हाळ्यात एकदा त्या अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. मी आतून आले तर जागा रिकामी आणि त्या गोठ्याच्या दारात उभ्या. कुणी उठवलं, विचारलं. "कुणी कशाला उठवंल?" म्हणाल्या.

सोमवार मी करते. दूध, दही, शेंगदाणे. भोवळ एकदाही आली नाही. देवाला तो पोचतो की नाही ते मला माहीत नाही, पण मालक ठणठणीत आहेत आणि भात निम्मा खातात.

शेळीला दोन बोकड झाले. मोठे झाल्यावर मालकांनी ते बारामतीच्या बाजारात विकले आणि पैसे माझ्या हातात दिले. बैठकीच्या दिवशी आत्या म्हणाल्या, मी बी येते. चालत आल्या, बायकांच्या मधोमध सतरंजीवर मांडी घालून बसल्या. माझा नंबर आला तेव्हा मी पदराची गाठ सोडून पैसे काढत होते, तोवर त्यांनी नोटा माझ्या हातातून घेतल्या, हात न टेकता उठल्या आणि जाऊन अध्यक्षबाईंपुढं ठेवल्या.

"मोजून घ्या," त्या म्हणाल्या. "शेळीचं आता काय बी राह्यलं न्हाय."

अध्यक्षबाईंनी मोजल्या. बरोबर होत्या. कर्ज फिटलं.