आबांची गिलकी आणि पश्चिमेची जुई

वेल कुठं लावावा हे ब्रह्मदेवानंतर फक्त आमच्या आबांना कळत होतं, आणि ब्रह्मदेवाबद्दलही त्यांना थोडी शंकाच होती. आबा म्हणजे माझ्या आईचे मामा. धुळ्यात आमच्या समोरच्या घरात एकटेच राहायचे. मामलेदार कचेरीत कारकून होते. कुणाच्याही घरी गेले, की माणसांकडं पाहण्याआधी मोरीचं पाणी कुठं जातं ते पाहायचे. फाल्गुन लागला, की सुट्टीच्या दिवशी अंगणात घोंगडी टाकून भिंतीची सावली सरकताना बघत बसायचे. दिलेला चहा निवून जाई. "थांब, आता ती तुळशीपाशी पोचतेय," असं मला कुजबुजत सांगायचे. बघता बघता मलाही गुंगी यायची, आणि जाग येई तेव्हा सावली भिंतीपलीकडं गेलेली असायची. एकदा साहेबाच्या बंगल्यावर सहीला कागद घेऊन गेले ते दिवेलागणीला परतले, तेही सही न घेता. दिवसभर तिथल्या माळ्याला काकडीचा मांडव कुठं हवा ते समजावत होते.

पण त्यांचा खरा जीव गिलक्यात, म्हणजे घोसाळ्यात. होळीची राख निवली, की धुळवडीला ओंजळभर राख आळ्यात मिसळून बी टोचायचे. तिथून आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, जेमतेम दीड महिना, तेवढ्यात गिलकं धरायलाच हवं. कारण आखाजीला आमच्या खानदेशात लेकी माहेरी येतात. आबांची एकुलती लेक, माझी मावशी, साक्रीकडच्या सासरहून आली, की तिच्या पानात पहिली घरची गिलकी पडायला हवीत.

एका फाल्गुनात आबा तिला भेटायला गेले. तिथं पश्चिमेच्या भिंतीला व्याह्यांच्या आईनं लावलेली जुई होती. उन्हानं होरपळेल बिचारी, असं वाटून भर दुपारी घर निजलेलं असताना आबांनी ती उकरून पूर्वेला नेऊन लावली. चार दिवसांत जुई वाळली. व्याही ओरडले नाहीत. "मन्ही मायनी लायेल व्हती," एवढंच म्हणाले, आणि मग, "तुमना घर आते मी सून धाडाव नही."

दोन आखाज्या मावशी आली नाही. आबांनी गिलकी मात्र लावली, ती धरलीही, पण कुणाला तोडू दिली नाहीत. वेलावरच वाळून त्यांच्या जाळ्या झाल्या, आणि अंग घासायला त्या आमच्या घरी आल्या. मला आबांचा राग यायचा, आणि मोरीत ती जाळी हातात घेतली की रडूही यायचं. तिसऱ्या धुळवडीला बी मुठीत धरून ते आळ्याशी बसले आणि तसेच उठले.

त्याच वर्षी आखाजीच्या आदल्या दिवशी दारात बैलगाडी थांबली. मावशी उतरली, केसांत जुईचा गजरा. रिकाम्या काठ्या बघून म्हणाली, "आबा, औंदा मांडव रिकामा का शे?" तेवढ्यात आई ओच्यात कोवळी गिलकी घेऊन आली. आमच्या मोरीमागं, त्या वाळक्या जाळ्यांतून सांडलेल्या बियांचा वेल आपला आपणच उगवला होता. तिथं ना आळं होतं, ना राख, ना सावलीचा हिशेब.

मावशी जेवायला बसली तेव्हा आबा समोर बसून बघत होते. त्यांनी विचारलं, "जुई कुठं फुटली गं?"

"जुन्याच जागी. मुळं राहिली होती. मामंजींनीच गजरा करायला सांगितला."

"पश्चिमेला?"

"पश्चिमेलाच."

आबांनी डोळे मिटले. "बरं झालं बाई," म्हणाले, "मी चुकलो."

आता आबा नाहीत. धुळवडीला मी गार राखेत दोन बिया टोचते आणि मावशीची वाट बघते. दिशा मात्र बघत नाही.