वर्षभराची चटणी
गिरणीतल्या डंकावर मिरची कुटायला घेतली की नाकात तिखट जातं आणि मला सातवीतला तो उन्हाळा आठवतो. आई नर्स होती. शिवाजी पेठेतल्या आमच्या घरातला स्वयंपाक, धुणं, माझी वेणी, सगळं पप्पांकडं. डंकावर बायकांच्या रांगेत ते एकटेच पुरुष असायचे. बायका हसायच्या, तेही हसायचे. आईला मात्र त्याची लाज वाटायची. त्या दिवशी पप्पांनी मिरची-मसाला कुटून चटणी आणली, बरणीत दाबून भरली, वर हिंगाचा खडा ठेवला, फडकं बांधलं आणि हात धुऊन कपड्यांची पिशवी उचलली. "मी माहेराला चाललोय," ते म्हणाले. पेठ वडगावला त्यांची आई राहायची. गडीमाणूस आणि माहेर! मला हसूच फुटलं. नुकतीच ड्यूटीवरून आलेली आई हसली नाही. चप्पलसुद्धा न काढता तिनं विचारलं, "चटणी किती दिवस पुरंल?" "वर्षभर पुरंल की," म्हणाले आणि गेले. बरणीचा तळ दिसला तरी ते परतले नव्हते. आता मी चटणी करते ती महिन्यापुरतीच. वर्षभराची सोय करून ठेवणाऱ्या माणसाची मला अजून धास्ती वाटते.