शेवटची फेरी

"आपल्या घाटावर जातपात कधी नव्हतीच, बाई. एकाच डोंग्यात सारं गाव!" स्मरणिका समितीचे अध्यक्ष मला सांगत होते. मी त्यांच्याच ओसरीवर बसून त्यांचाच चहा पीत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कप खाली ठेवला नसता तर बहुतेक त्यांच्या धोतरावरच सांडला असता.

आमचं गाव प्राणहितेच्या काठावर, गडचिरोली जिल्ह्याच्या पार टोकाला. नदीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे तेलंगणा. पूल झाला तसा घाट बंद पडला, आणि घाट बंद पडला तसा सगळ्यांना त्याचा पुळका आला. जिवंतपणी कोणी पायरीचा एक दगड बसवला नाही, आता म्हणे स्मरणिका काढायची. तिचं नाव 'नदीचं बंदर'. मी तीस वर्षं शाळेत शिकवून यंदा निवृत्त झालेली, म्हणून घाटाच्या आठवणींचं प्रकरण माझ्याकडे आलं.

बंदर हे नाव काही खोटं नाही, तेवढं मी कबूल करते. आमच्या जंगलातलं सागवान तराफे बांधून याच पाण्यातून खाली गोदावरीत आणि तिथून समुद्राकडे जायचं. इंग्रजांनी तर समुद्रापासून वरपर्यंत आगबोटी आणायचा बेत केला होता; मधल्या खडकांपुढे त्यांनी हात टेकले आणि काम अर्धवट सोडलं. आमच्या गावाचं बंदर व्हायचं राहिलं ते राहिलंच. पण बाजाराच्या दिवशी घाटावर यावं आणि बघावं! पलीकडून मिरचीची पोती, तंबाखू, मडकी. इकडून मोह, बांबूच्या टोपल्या, तांदूळ. हमाल तेलुगूत शिव्या द्यायचे आणि बाया झाडीबोलीत त्या परतवायच्या. सुक्या मासळीच्या आणि मिरचीच्या वासानं शिंका येत. मला तो घाट फार आवडायचा. खरंच आवडायचा, म्हणून तर जास्त राग येतो.

डोंगा म्हणजे दोन पोखरलेले बुंधे शेजारी बांधून वर फळ्या टाकलेल्या. त्या फळ्यांवर कोणी कधी बसायचं हे साऱ्या गावाला पाठ होतं. पहिल्या फेरीत मोठ्या घरची माणसं. मग बाकीचं गाव. मग बैलं आणि बकऱ्या. आणि मग आम्ही. बकऱ्यांच्या नंतर! बकरीनं लेंड्या टाकल्या तर नावाडी पायानं ढकलून द्यायचा, आणि आम्ही उतरलो की बादलीनं पाणी मारून फळ्या धुवायचा. एकाच डोंग्यात सारं गाव, हे अध्यक्ष म्हणतात ते खरंच आहे. डोंगा एकच होता.

माझ्या लहानपणी, बौद्ध दीक्षा घेऊन वीसेक वर्षं होत आली होती. आमच्या वस्तीनं मेलेली जनावरं ओढणं सोडलं, पोरं शाळेत घातली, विहार बांधला. त्या विहारात एके दिवशी ठराव झाला: शेवटच्या फेरीत आपलं कोणी बसायचं नाही. बसू तर साऱ्यांसोबत, नाही तर बसणारच नाही. उन्हाळ्यात आमची माणसं दोन कोस वर चालत जाऊन उतारातून नदी पार करायची. पावसाळ्यात उतार बुडायचा, तेव्हा जायचीच नाहीत. लग्नं चुकली, बाजार चुकले, पण ठराव कोणी मोडला नाही. असला ताठा आमच्याच वस्तीनं करावा. मला त्या ताठ्याचा अभिमान आहे आणि संताप पण आहे, आणि दोन्ही एकाच वेळी कसे असतात ते मला विचारू नका.

मी आठ वर्षांची होते. माझी धाकटी बहीण दोन वर्षांची. श्रावणात तिला ताप आला आणि उतरेचना. गावात डॉक्टर नव्हता, दवाखाना पलीकडे. तिसऱ्या दिवशी तिची मान टिकेना, तेव्हा बाबा, माय आणि मी तिला घेऊन भर दुपारी घाटावर आलो. नदी दोन्ही थड्या भरून वाहत होती. बाबा पहिल्या डोंग्यापाशी गेले आणि म्हणाले, "पोरगी लय बिमार हाय. आमाले बसू द्या." फळ्यांवरून कोणीतरी बोललं, "मांगून या." नावाड्यानं खाली मान घातली आणि बांबू रेटला.

तो डोंगा गेला, परत आला, पुन्हा भरला. बाबा दर वेळी विचारायचे, दर वेळी तेच उत्तर. मी चिंचेखाली गाठोडं सांभाळत बसले होते, अंगावर पोत्याची खोळ. बहीण रडायची पण थांबली होती. बकऱ्यांची फेरी सुद्धा गेली. दिवस कलताना नावाडी काठावर आला, बाबांच्या समोर उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "बसा भाऊ. आता सारे गेले. आज फळ्या नाई धूत मी."

म्हणजे त्याला पण कळत होतं. त्याच्या हातात तेवढंच होतं, ते तो देत होता.

बाबा आणि माय माझ्याकडे पाठ करून पाण्याजवळ, डोंग्याला लागून उभे होते; पावसात मला नुसत्या पाठी दिसत होत्या. काहीतरी बोलत होते, जोरजोरानं, पण पाण्याच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. मग बाबा वळले, चिंचेपाशी आले, गाठोडं उचललं. म्हणाले, "चाल घरी. सकायी पयल्या फेरीत बसू."

सकाळ व्हायच्या आत बहीण गेली.

वस्तीत बाबांची वाहवा झाली. ठराव पाळला म्हणे! पोटच्या पोरीपेक्षा शब्द मोठा मानला म्हणे! लोक हे बोलत होते आणि मी दाराआडून ऐकत होते, आणि आठ वर्षांच्या माझ्या पोटात जो राग बसला तो बसलाच. त्या दिवसापासून मी बापाशी कामापुरतं बोलले. त्यांनी मला शिकवलं, माझ्या फीसाठी बांबू फोडून टोपल्या विणल्या, मी मास्तरीण झाले तेव्हा साऱ्या वस्तीला गूळ वाटला. मी त्यांच्या पाया पडले, पण मान वर करून पाहिलं नाही. नोकरी लागल्यावर एकदा तोंडावर बोलले सुद्धा. "तुमच्या हट्टापायी गेली ती. तुमीच मारलं तिले." ते बांबू फोडत होते. "हो," म्हणाले, आणि फोडतच राहिले. त्या 'हो'नं तर मी आणखीच भडकले. माणूस निदान भांडतो, रडतो, काहीतरी म्हणतो! चार वर्षांपूर्वी ते गेले. मी रीतसर सगळं केलं, आणि डोळ्यांतून टिपूस काढलं नाही.

तर हे सगळं मी स्मरणिकेच्या प्रकरणात लिहिलं. फेऱ्यांचा क्रम, फळ्या धुणं, ठराव, बहीण, आणि बापाचा हट्ट पण. आमचं तेवढं झाकायचं आणि त्यांचं उघडं करायचं, असलं मला जमत नाही. बहिणीचा फोटो नाही, दाखला नाही. दोन वर्षांचं लेकरू या जगात होतं, याची कुठे एक ओळ नाही. ती ओळ त्या पुस्तकात यावी, एवढंच मला हवं होतं.

छपाईआधीचे कागद हातात आले तर पान गायब. त्या जागी काय? 'घाटावर नांदणारा एकोपा'! मी तरातरा अध्यक्षांकडे गेले.

"माझं पान कुठे आहे?"

"बाई, जुनं उकरून कोणाचं भलं झालं? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ तुमची, सर. आत लेकरू आमचं आहे."

"तुम्ही शिकलेल्या, समजदार. पुलावरून आता सारेच जातात ना? कार्यक्रमात दोन शब्द बोला. चांगले बोला."

नाकानं कांदे सोलणारी ही माणसं! इंग्रजांची आगबोट, जी कधी आलीच नाही, तिला पुस्तकात चार पानं. आणि माझी बहीण, जी घाटावर दुपारभर पडून होती, तिला अर्धी ओळ नाही.

कार्यक्रम घाटावरच झाला. मांडव, खुर्च्या, कर्णा. माय हट्टानं सोबत आली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, काठी टेकत. तो नावाडी अजून होता, त्याला शाल आणि नारळ दिला. मग माझं नाव पुकारलं. मी दोन शब्द बोलले नाही, सगळंच बोलले. बकऱ्यांची फेरी कोणती आणि आमची कोणती, ते सांगितलं. "मांगून या" कसं ऐकू यायचं ते सांगितलं. आणि हे पण सांगितलं की माझ्या बापानं स्वतःच्या ताठ्यापायी शेवटची फेरी नाकारली आणि त्यांना मी कधी माफ केलं नाही. कोणीतरी कर्णा बंद केला. करू दे! शाळेत साठ पोरांच्या गलक्यावर आवाज चढवलेली बाई आहे मी, मला कर्णा लागत नाही.

तेवढ्यात नावाडी खुर्चीतून उठला. "बाई खरं बोलून राह्यली," तो म्हणाला. "फळ्या मीच धूत होतो. अन् त्या दिशी..." तो मायकडे बघून थांबला. मायनं मान हलवली, नाही म्हणून. तो खाली बसला. मी हे पाहिलं, पण माझा राग इतका उकळत होता की तिकडे लक्ष दिलं नाही. अध्यक्षांनी घाईघाईनं आभार मानले. स्मरणिका तशीच वाटली गेली, एकोप्यासकट.

पलीकडे बस पकडायला आम्ही दोघी पुलावरून निघालो. ऊन होतं, माय हळू चालत होती. मध्यावर आली आणि कठड्याला धरून थांबली. मला वाटलं दम लागला.

"तू सारं बराबर सांगितलं," ती म्हणाली. "एकच चुकलं."

"काय चुकलं?"

"तुह्या बापानं नाई म्हटलंच नोतं. तो बसत होता. पाय ठेवला होता त्यानं फळीवर." तिनं नदीकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. "मीच त्याचा सदरा धरून मांगं ओढला. मी म्हटलं, बकऱ्याईच्या मांगं माही पोरगी नाई जाणार. मले वाटलं, एका रातीनं काय होते."

पन्नास वर्षं! बाबांचा तो 'हो' मी पन्नास वेळा लोकांना चिडून सांगितला होता.

"मंग मले काऊन नाई सांगितलं? इतकी वर्षं?" मी घरच्याच बोलीत आले.

"तोच नाई म्हणे. पोट्टी रागावली हाय, तं माह्यावर रागावू दे, म्हणे. मायवर रागावली तं जेवन कोणाच्या हातचं?"

एक ट्रक गेला, पूल थरथरला. माय काठी टेकून नीट उभी राहिली.

"आता तो नाई. अन् आता घरी तूच रांधून राह्यली," ती म्हणाली. "आता रागाव माह्यावर."

आणि मी रागावले. पुलावर, भर रस्त्यात, येणारे-जाणारे थांबून बघत असताना मी माझ्या म्हाताऱ्या मायवर ओरडत राहिले, आणि ती एकेक शब्द ऐकत उभी राहिली.