नंबर न लागलेल्यांचे पेढे

आमच्या साडूंइतका दुसऱ्याच्या दुःखात पेढे घेऊन शिरणारा माणूस सबंध लातूर जिल्ह्यात सापडणार नाही. मी सरकारी कचेरीत हिशेब तपासतो, त्यामुळे न तपासलेलं विधान करायला माझी जीभ सहसा धजत नाही. जिल्ह्यातली सगळी माणसं मी पाहिलेली नाहीत, हेही कबूल आहे. तरी हे विधान मी मागे घेणार नाही. आमच्या गावात निकालाच्या दिवशी मिठाईच्या दुकानांपुढे रांगा लागतात. ज्यांच्या पोरांचा मेडिकलला नंबर लागतो ते पेढे वाटतात आणि ज्यांचा लागत नाही ते दारं लावून घेतात. साडू त्याच रांगेत उभे राहून तेच पेढे घ्यायचे आणि नेमके त्या लावलेल्या दारांवर जाऊन कडी वाजवायचे. त्यांची जुनी स्कूटर गल्लीत शिरली की लोक निकाल न विचारताच ओळखायचे. कुणाच्या दारात थांबते एवढंच बघायचं. एका वकिलांनी चार दिवस झाकून ठेवलेला मुलाचा निकाल या स्कूटरने पाच मिनिटांत गल्लीभर केला. वकीलसाहेब गेटपाशी येऊन नको नको ते बोलले. साडूंनी सगळं ऐकून घेतलं, डबा गेटच्या खांबावर ठेवला आणि विचारलं, "लेकरू जेवलं का?"

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे औसा तालुक्यातले. लातुरात त्यांचं टायपिंगचं इन्स्टिट्यूट होतं, पक्क्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर. भूकंप झाला आणि त्यानंतर या गृहस्थांनी स्लॅबखाली बसणं सोडलं. आम्हीही त्या वेळी काही दिवस अंगणात झोपलो, पण पुढे घरात आलो. साडू आलेच नाहीत. घरामागच्या मोकळ्या जागेत त्यांनी पत्र्याचं शेड ठोकलं, टंकलेखन यंत्रं तिकडे हलवली आणि पुढे कॉम्प्युटरही तिथेच आणले. त्या काळी कॉम्प्युटरच्या खोलीला वातानुकूलन लागतं, चपला बाहेर काढाव्या लागतात, असं मानलं जाई. साडूंच्या शेडात पत्र्यावर उसाचं पाचट आणि पाचटावर पाणी मारलेलं. चपला घालूनच बसा, म्हणायचे. जमीन हलली तर शोधत बसाल. लग्नकार्यातसुद्धा ते मंगल कार्यालयाच्या आत जात नसत. मांडवात उभे राहून तिथूनच अक्षता टाकत, आणि त्यांतल्या निम्म्या पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांच्या टकलावर पडत.

शिकवण्याची तऱ्हाही अशीच. नव्या मुलाला पहिल्या दिवशी कॉम्प्युटर चालू करू द्यायचे नाहीत. आधी पेटी उघडायची, रंगाच्या कुंचल्याने आतली धूळ झाडायची. "ज्याचं पोट बघितलं त्याचं भ्या वाटत न्हाई," हे त्यांचं सूत्र. मग कीबोर्डवर पंचा टाकून बोटं चालवायची. आणि मुलं कामात रंगली की हे गृहस्थ सावकाश उठून मेन स्विच खाली ओढायचे. काम सेव्ह न केलेली पोरं हळहळायची. वीज मंडळ हे फुकट करतंय, तुम्ही फी घेऊन कशाला करता, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, मंडळाचा काही भरवसा नाही, एखाद दिवशी ते वीज घालवायचं विसरतात.

शेवटची परीक्षा तर जगात कुठे नसेल. मुलाने घरातलं एक वडीलधारं माणूस शेडात आणायचं आणि त्याला स्वतःचं नाव टाइप करायला शिकवायचं. नाव आलं की पास, पण शिकवताना आवाज चढला तर नापास. आडत बाजारातल्या एका व्यापाऱ्याचा मुलगा, हुशार म्हणून नावाजलेला, यात दोनदा गेला. बाप 'र' शोधायला बोट फिरवत बसे आणि मुलगा दातओठ खात म्हणे, "आप्पा, तुमच्या नाकापुढं हाय!" साडू लगेच टेबलावर टकटक करत. तिसऱ्या खेपेला त्या पोराने बापाला आठ दिवस घरीच तालीम देऊन आणलं. साडूंनी ते ओळखलं, पण पास केलं. आठ दिवस बापाजवळ बसला ना, म्हणाले, मला आणखी काय पाहिजे.

क्लासचं गाव म्हणून लातूरचं नाव होऊ लागलं तसे साडू आणखी तिखट झाले. आपल्या पोरांना प्रकाशाचा वेग पाठ आहे, पण ज्या यंत्रावर उद्या यांना पोट भरायचं आहे ते समोर आलं की हात मागे बांधतात, अशी त्यांची तक्रार. निकाल इंटरनेटवर लागू लागले तेव्हा ती खरी ठरली. पोरं-बाप मिळून शेडात यायचे आणि बापच माऊस हिसकायचा. साडूंनी नियम केला की बापाने हात लावायचा नाही, लेकराने आपला नंबर आपण टाकायचा. बरावाईट निकाल आधी लेकराने बघायचा, मग त्याला वाटलं तर त्याने सांगायचं.

आमच्या पल्लवीचा निकाल लागायचा होता तेव्हा माझ्या बायकोने दोन गोष्टी ठरवल्या. निकाल दाजींच्या शेडात बघायचा नाही आणि त्या दिवशी गेटला कुलूप ठेवायचं. तिला बहिणीचा लोभ पुष्कळ, पण स्कूटरचा धसका त्याहून मोठा. पल्लवीने दोन वर्षं क्लास केले होते. या घरात दुसरा विषय नव्हता. मीसुद्धा तिच्याशी मार्कांपलीकडे काही बोललो असेन असं आठवत नाही.

दुपारी ती मैत्रिणींबरोबर हमरस्त्यावरच्या नेट कॅफेत गेली. चार वाजता येते म्हणाली होती. सहा झाले. घरचा फोन सारखा गुंतलेला. नांदेडहून, उदगीरहून, जिथून म्हणून नातं निघतं तिथून निकाल विचारणारे फोन. शेवटी मी तिच्या मैत्रिणीच्या घरी गेलो. ती दारातच खाली मान घालून म्हणाली, "काका, तिचा नाही लागला. ती सायकलवर निघून गेली."

क्लास पाहिला, वाचनालय पाहिलं, एसटी स्टँडवर फलाटाफलाटावरून फिरलो. गावात त्या आधीच्या वर्षी एका घरी जे झालं होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. रस्त्यात एक विहीर लागते. तिथे मी गाडी थांबवली आणि उतरलो. कठड्यापर्यंत गेलो, आत पाहिलं आणि परत आलो. याहून जास्त मला लिहिता येणार नाही.

घरापाशी पोचतो तर समोरून ती स्कूटर. हँडलला पेढ्यांची पिशवी. माझ्या बायकोनेही गेटमधून पाहिली असावी, कारण तिच्या हातातलं कुलूप खाली पडल्याचा आवाज आला. साडूंनी स्कूटर थांबायच्या आधीच सांगितलं,

"हाय. शेडात हाय. जेवली."

मी तिथेच रस्त्याच्या कडेला बसलो. निकाल तिथे बघायचा नाही असं घरात ठरलेलं, म्हणून शेड तेवढं माझ्या शोधातून सुटलं होतं. ते माझ्या शेजारी बसले. सांगू लागले की ती तिन्हीसांजेच्या आधीच आली, रडून घेतलं, पोळी खाल्ली. घरी कळवावं तर तुमचा फोन लागेना, आणि लेकरांची रांग टाकून मला निघता येईना. शेवटी तीच म्हणाली, काका, तुम्ही जा, मी बघते. निकालाचं पान काही केल्या उघडत नव्हतं, पोरं रडकुंडीला आलेली. ही एकेकाजवळ बसून त्यांना नंबर टाकायला शिकवत होती.

"स्वतःचा गेलेला असताना दुसऱ्याच्या लेकराला धीर द्यायलीय, पाव्हणे. आणि एकदाबी आवाज चढला न्हाई."

मी त्यांना त्या संध्याकाळी विचारलं, की हे पेढ्यांचं खूळ कशासाठी? इतक्या वर्षांत मी विचारलं नव्हतं. त्यांनी पिशवीची गाठ सोडत सांगितलं की भूकंपाच्या सकाळी ते गावाकडे निघाले, तेव्हा वाटेत भेटणारा प्रत्येक माणूस एकच विचारायचा, माणसं आहेत का? घर, बैल, भांडी कुणी विचारत नव्हतं. त्यांच्या घराचा ढिगारा झाला होता, पण आई, भाऊ, भावाची पोरं सगळी शेतात बसलेली सापडली.

"शेजारच्या पाच घरांत तर ढिगारा उपसायलाबी कुणी उरलं न्हवतं. तिथं आपली वाचली म्हणून तोंड गोड कसं करावं? ते तसंच राहिलं बगा. म्हणून आता लेकरू घरात हाय ना, तर मी पेढा देतो. नंबर तुमचा तुम्ही बगा."

माझ्या बायकोने गेटपाशीच उभ्याने दोन पेढे खाल्ले आणि दाजींना तिसरा मागितला.

पल्लवीने पुढे कॉम्प्युटरचंच शिक्षण घेतलं. आता पुण्यात दवाखान्यांच्या नोंदी ठेवणारी प्रणाली बनवते. तिची आई नव्या माणसाला सांगताना "हॉस्पिटलच्या लायनीत आहे" असं म्हणते. ते खोटं नाही, म्हणून मी दुरुस्त करत नाही.

साडू आता थकले आहेत. शेड आहे, पण शिकायला फारसं कुणी येत नाही. निकालही प्रत्येक पोरगं आपल्या फोनवर, आपल्या खोलीत, दार लावून बघतं. यंदा निकालाच्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो तर गृहस्थ कॉम्प्युटर चालू करून, समोर खुर्च्या मांडून बसलेले. म्हणाले, कुणाच्या घरात काय झालं हे आता कळायलाच मार्ग नाही. जावं तर कुणाकडे? आम्ही दोघं दिवेलागणीपर्यंत बसलो. कुणी आलं नाही. मग ते म्हणाले, "पल्लवीला फोन लावा." कशासाठी ते मी विचारलं नाही. लावला. ती कामात होती. बाबा, नंतर करते, म्हणाली आणि ठेवून दिला.

"उचलला का?"

"उचलला."

"मग चला," साडू म्हणाले आणि शेडाची किल्ली शोधू लागले.