खिडकीखालची जागा

रफूच्या त्या दुकानात खिडकी एकच, आणि तिच्याखाली वीस वर्षं थोरली बसत आली होती. ज्याची नजर तेज त्याची ती जागा, असा दुकानाचा रिवाज. धाकटी जाऊ आतल्या अंगाला, दिव्याखाली. तिला सुई धरायला थोरलीनंच शिकवलं होतं, आणि त्याचाच आता तिला पस्तावा होत होता.

धाकटीचे डोळे म्हणजे भरलेले हौद. सासू गेली तेव्हा ती हमसून हमसून रडली. सहा महिने सासूचं हगणंमुतणं काढणाऱ्या थोरलीच्या डोळ्यांतून मात्र टिपूस नाही. "मोठीचं काळीज दगडाचं," बायका कुजबुजल्या. नाव झालं ते धाकटीचं.

बोटांचे सांधे सकाळी आखडायचे, त्याची थोरलीला सवय होती. पण हल्ली डोळ्यांतही वाळू गेल्यासारखं खुपायचं, दुपारनंतर सगळं धुरकट दिसायचं. म्हणून ती सकाळीच दहा सुया ओवून बाहीला टोचून ठेवायची. धाकटीसमोर दोरा चाटत बसायला नको.

एकदा निळ्या कोटाला तिनं काळ्या धाग्यानं रफू केला. धाकटीनं गुपचूप उसवून पुन्हा भरला.

"उसवलास कशाला?"

"धागा काळा होता, जाऊबाई."

"तुला बरं दिसतं सगळं."

"डॉक्टरांना दाखवा तरी."

"म्हणजे खिडकी मोकळी होईल."

धाकटीच्या डोळ्यांत लगेच पाणी. ते बघून थोरलीचा आणखीच जळफळाट. इथं थेंबाची मारामार, आणि हिचा नळ कधीही सुटतो.

शेवटी थोरली डॉक्टरांकडं गेली. डॉक्टरीणबाईंनी खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवली आणि पाच मिनिटांनी काढली. पट्टी जवळजवळ कोरडीच.

"ज्या संधिवातानं बोटं धरलीत, तोच डोळ्यांतलं पाणी आटवतोय. रडूही येत नसेल तुम्हाला."

"लोक दगड म्हणतात."

"म्हणू देत. हे थेंब घालत जा. डोळा लाल होऊन ठणकला, तर त्याच दिवशी या. आणि वाऱ्यात बसू नका."

वारा तर खिडकीतूनच यायचा.

चार दिवस थोरलीनं खिडकी लावून घेतली. "अहो, जीव गुदमरतोय," मालक म्हणाले. पाचव्या दिवशी तिनं सुयांचा डबा उचलून आत दिव्याखाली नेला.

"बस तिथं. नाहीतरी डोळा होताच तुझा."

धाकटी रडली, अर्थातच. थोरलीनं भिंतीकडं तोंड करून थेंब घातले आणि वळली, तर एक ओघळ गालावर आलेला. धाकटीनं लगबगीनं आपला ओला रुमाल पुढं केला.

"नका ना रडू, जाऊबाई."

औषध आहे ते, असं सांगायला थोरलीनं तोंड उघडलं. पण मालकही हातातलं काम थांबवून बघत होते, दारातली गिऱ्हाईक बाईही हळहळत होती. थोरलीनं तोंड मिटलं, रुमाल घेतला, पुन्हा भिंतीकडं वळली आणि दुसऱ्या डोळ्यात दोन थेंब जास्तच घातले.