एक ठोका थांबायचा, दोन निघायचे

माझ्या थोरल्या साडूंनी आयुष्यात एकदाही स्टिअरिंगला हात लावलेला नाही, आणि तरीही घाटनांदूरपासून गेवराईपर्यंत गाडीचं दुखणं त्यांच्याइतकं कुणालाच कळत नाही, असं माझं ठाम मत आहे. त्यांचं स्वतःचं मत तर याहून ठाम. ते मत गेवराईवर थांबतही नाही. सारी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून झाली. ड्रायव्हर त्यांच्या मते नवरदेवासारखा, पुढं बसून मिरवतो, पण मागं काय चाललंय याचा त्याला पत्ता नसतो. त्यामुळं माझ्या जुन्या पिकअपची तपासणी ते बॉनेट उघडून कधीच सुरू करत नाहीत. पायजमा वर खोचून मागच्या हौद्यात चढतात, केबिनला पाठ लावून बसतात आणि पत्र्यावर मुठीनं दोन ठोके देतात. दोन ठोके म्हणजे निघा, एक म्हणजे थांबा. एसटीच्या घंटीचा हा कायदा निवृत्त झाल्यावर त्यांनी माझ्या गाडीला लावला.

घाटनांदूरला माझा मंडप आणि लग्नाची भांडी भाड्यानं द्यायचा धंदा आहे, गाडी त्यासाठीच. साडूंचं नातं तसं दोन बहिणींच्या जिवावर उभं असतं. त्यातली थोरली, म्हणजे माझ्या बायकोची ताई, गेली. बायकोमागं तिच्या माणसांकडं उगाच जाऊन बसू नये, असं काहीतरी साडूंच्या मनानं घेतलं. तेव्हापासून ते भेटायला म्हणून कधी आले नाहीत. येतात ते 'गाडी बघायला'. गेवराईहून एसटीनं येतात, गाडी बघतात, दोन दिवस राहतात. म्हणून यंदा दिवाळीत मुलानं हा खटारा विकून टाकू म्हटलं आणि मी मान डोलावली, तेव्हा करंज्या तळता तळता बायको थांबली. "मग दाजी कशाला येतील?" एवढंच म्हणाली.

येताना त्यांच्या हातात स्टीलचा जेवणाचा डबा आणि खिशात अंगाच्या साबणाची वडी असते. डिझेलची टाकी पाझरली की साबण मळून भोकावर दाबायचा. "ह्या वडीवर आमी अख्खी एसटी डेपोपत्तूर नेलीय," असं ते प्रत्येक वेळी नव्यानं सांगतात. एकदा टाकी जागोजागी पाझरली, तेव्हा त्यांनी आमची न्हाणी पार रिकामी केली आणि घरच्या पाहुण्यांना डाळीचं पीठ लावून आंघोळी कराव्या लागल्या. त्यांचं निदान कधी चुकत नाही असंही नाही. एका फेरीत हौद्यातून खणखण ऐकू आली आणि ते ओरडले, "पाव्हणं, डिफ्रन्सल गेलं!" म्हणजे मागची चाकं फिरवणारी यंत्रणाच संपली. दुपारभर आम्ही दोघं गाडीखाली उताणे. शेवटी कळलं की जादा चाकामागं त्यांचाच डबा घरंगळत होता. साडू अजिबात ओशाळले नाहीत. "डबा असंल. पण आवाज होता का न्हाई?" आता आवाज तर होताच, मी काय बोलणार!

पण मी आज जिवंत आहे तो त्यांच्यामुळंच, हे मला सरळ सांगून टाकलं पाहिजे. लग्नाची भांडी भरून आम्ही घाट उतरत होतो. मागून एक ठोका आला. साडूंची खोड अशी, की रस्त्याकडेला माणूस उभा दिसला की यांचा हात पत्र्यावर पडलाच. आजवर या हौद्यातून भाजीवाल्या मावश्या, कॉलेजची पोरं आणि एकदा एक शेळी मालकिणीसकट जाऊन आली आहे. मला वाटलं, दिसली असेल कुणीतरी. तिकडं लग्नात आचारी भांड्यांची वाट बघत होते, मी थांबलो नाही. साडूंनी चिडून आणखी एक ठोका दिला. एक आणि एक दोन. दोन म्हणजे निघा. मी वेग वाढवला. तेवढ्यात माझ्या खिडकीजवळून एक भलीमोठी परात उडत गेली आणि घाटभर वाजत राहिली. मी ब्रेक दाबला. ती परात फेकणारे साडू ओरडतच खाली उतरले.

"चाकाचे नट गेलेत! मागलं चाक डुगतंय, आन् तुमी गाडी पळवताय कावून?"

"तुम्हीच दोन ठोके दिलेत ना?"

"ते दोन न्हाईत! एकदा एक दिला आन् मग पुन्यांदा एक दिला!"

बाकीच्या चाकांचा एकेक नट काढून त्यांनी ते चाक बसवलं, आणि पंगत वेळेवर बसली. पोचा पडलेली ती परात मी भाड्यानं देत नाही. ती देवघराशेजारी उभी असते.

दिवाळीनंतर आष्टीकडचा एक भाजीवाला गाडी बघायला आला. बायकोनं साडूंना फोन करून बोलावून घेतलं होतं. भाजीवाला स्टिअरिंगवर, मी शेजारी, साडू मागं. दोन ठोके पडले, आम्ही निघालो. माझा सगळा जीव कानात होता. या गाडीत त्यांना प्रत्येक फेरीला काहीतरी सापडतंच. आता एक ठोका पडेल, हे उतरून सगळी दुखणी सांगतील आणि भाजीवाला पळेल, अशी मी वाट बघत होतो. ठोका पडला नाही. घरी परत आल्यावर भाजीवाल्यानं विचारलं, "काका, कशी हाय गाडी?"

साडूंनी हौद्याच्या कडेवरून हात फिरवला. "लई चांगली हाय. एक खोट न्हाई. बिनघोर न्या."

डब्याच्या खणखणीला डिफ्रन्सल म्हणणाऱ्या माणसाला आज काहीच ऐकू आलं नव्हतं. आम्हाला विकायची आहे, मग आपण आड येऊ नये, एवढाच त्यांचा हिशोब.

"डिफ्रन्सल गेलंय हिचं," मी भाजीवाल्याला म्हणालो. "कुठं उभी राहील, नेम नाही."

तो चहाही न घेता गेला. मुलगा माझ्याकडं बघतच राहिला. साडू मात्र खरोखर रागावले. "खोटं कावून बोललात? आवाज कुठं होता?"

"होता. मला आला."

त्यांनी नाक पुसलं. मग पायजमा वर खोचत म्हणाले, "आसं? मग बघाया लागंल."

हल्ली त्यांना हौद्यात चढायला वेळ लागतो. बंपरवर पाय ठेवून जरा थांबतात, मग वर जातात. मी स्टिअरिंगवर जाऊन बसलो. मागं वळून पाहिलं नाही, आरशातही नाही. बऱ्याच वेळानं पत्र्यावर एक ठोका पडला. आणि मग पुन्हा एक.

एक आणि एक दोन. मी गाडी सुरू केली.