नाका बंद व्हावा म्हणून

पोर्तुगालच्या राजाला हाकललं, आता गोव्यात राजाचं राज्य राहिलं नाही, ही बातमी घाटावरच्या सुप्याच्या बाजारातून घरी आली तेव्हा आम्हाला चक्क आनंद झाला. राजानं आमचं काही बिघडवलं नव्हतं. पण माझे वडील, आप्पा, थकले होते.

गोव्याची रेल्वे गेली तिकडं लांब, तिनईघाटावरून. आमच्या बाजूला माल अजून बैलांच्या पाठीवरच चाले. हिरडा आणि मिरची घेऊन आप्पा गोव्याचा घाट उतरत, नारळ घेऊन चढत. गुडघे सुजले तरी थांबत नसत. आपण होऊन थांबलं तर वाटेवरच्या गावांना काय तोंड दाखवायचं, हा त्यांचा हट्ट. वाटच बंद झाली तर मात्र कोण नाव ठेवणार?

“घाटातला जकातीचा नाका बंद पडंल आता, वाट बी बंद हुईल,” आई म्हणाली. “ह्येंना बसाय तरी गावंल.”

तिनं गोण्या झटकून आढ्याला टांगल्या. आप्पा दुपारचे झोपू लागले. अंगणात नुसते बसून राहणारे आप्पा मला नवीनच होते, आणि फार आवडले. घाटाखाली दंगे होणार, सरकार वाट रोखणार, असं जो कोणी सांगे त्याला आई आग्रहानं ताक पाजी.

शेवटी आप्पाच नाका पाहून आले. निशाण तेवढं बदललं होतं. शिपाई तोच, जकात तीच, झडतीही तशीच. आणि खालच्या व्यापाऱ्याला हिरडा आता दुप्पट हवा होता.

“राजा गेला, धंदा न्हाई गेला,” आप्पा खाली बसत म्हणाले. सगळं सुरळीत चालल्याचा एवढा राग मला पुन्हा कधी आला नाही.

आप्पांनी आणखी दोन बैल घेतले. घराची भरभराट झाली असं लोक म्हणत. झालीच होती, खोटं कशाला बोलू. मला नवं लुगडं आलं. पण वाढलेल्या बैलांमागं चालायला माणूस हवं होतं, आणि बैलांत पैसा गुंतल्यावर गडी ठेवणं परवडणारं नव्हतं.

आईनं गोण्या खाली काढल्या, पदर खोचला.

“तुमी फुडं चला,” ती आप्पांना म्हणाली. “मागच्या दोन बैलांच्या मागं मी हाय.”

नवऱ्याला घरी बसवू पाहणारी माझी आई त्या दिवसापासून स्वतःच घाट चढू-उतरू लागली.